भास्कराचार्य : पाटणच्या मठातील गणिताचा अभ्यासक्रम

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारे भाविक देवीचे दर्शन घेतात, डोंगरी नदीकाठी डबे उघडतात आणि संध्याकाळच्या आत परततात. तेथील शिलालेखाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. एका ठराविक विषयाच्या अध्यापनासाठी येथे मठ स्थापन झाला आणि त्याच्या खर्चाची तरतूद थेट बाजारपेठेतून करण्यात आली, अशी नोंद त्या लेखात आहे. विषय होता भास्कराचार्यांचे ग्रंथ.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधील, म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जलविड हे आपले गाव असल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. हे गाव कोणते यावर विद्वानांत वाद आहे. कोणी ते पाटण परिसरात मानतात, कोणी थेट विजापूरला नेतात. खान्देशाचा अभिमान समजण्याजोगा असला तरी शिलालेखाचे खरे मोल त्यातील वंशावळीत आहे. त्रिविक्रमापासून पिढ्यानपिढ्या विद्वान आणि ज्योतिषी देणारे हे घराणे. पिता महेश्वर हेच भास्कराचार्यांचे गुरू होते.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. पैकी लीलावती हे शिकविण्यासाठीच रचलेले पुस्तक वाटते. आधी नियम श्लोकात सांगायचा, लगेच उदाहरण द्यायचे. उदाहरणेही कोरडी नाहीत. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे आणि साप २७ हातांवरून बिळाकडे येतो आहे. मोर झेपावतो आणि दोघेही सारखेच अंतर कापून भेटतात. कोठे? बिळापासून १२ हातांवर. काटकोन त्रिकोणाचा नियम अशा रीतीने विद्यार्थ्याच्या गळी उतरतो.

याच ग्रंथात व्यस्तविधी आहे. अज्ञात संख्येवर एकामागून एक क्रिया झाल्या आणि शेवटचे उत्तर हाती आले, तर मागून पुढे यायचे : गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ. संगणकाच्या आज्ञावलीत चूक शोधताना उत्तराकडून उलट मागे जाणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये. जळगाव-धुळ्यासह राज्यात अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान घेणारी मुले एचटीएमएलमध्ये संकेतस्थळाचे पान बांधतात, जावास्क्रिप्ट आणि पीएचपीमध्ये सूचना लिहितात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर कोडिंगची ओळख त्याहून खालच्या वर्गांतच व्हावी असे म्हटले आहे. यंत्र नवे आहे. पण पायऱ्या नेमक्या सांगायच्या, क्रम चुकवायचा नाही आणि कोणतीही संख्या दिली तरी रीत चालली पाहिजे, ही शिस्त जुनी आहे.

बीजगणितातील चक्रवाल पद्धती हा तिचा उत्तम नमुना होय. एका वर्गाची ६१ पट करून त्यात १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्गच मिळावा, अशा दोन संख्या हव्या आहेत. अंदाजाने शोधत बसणारा थकून जाईल, कारण सर्वांत लहान उत्तरच २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ असे येते. भास्कराचार्य एका फेरीचे उत्तर पुढच्या फेरीत घालतात आणि चक्र फिरत राहते. प्रोग्रॅमर याला ‘लूप’ म्हणतील. हाच ६१ चा प्रश्न फ्रान्सच्या फर्मा यांनी १६५७ मध्ये समकालीनांपुढे टाकला, तेव्हा भास्कराचार्यांच्या ग्रंथाला पाच शतके उलटली होती.

लीलावती ही त्यांची कन्या, घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. मूळ ग्रंथात ती नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून ती पसरली. मुलांना कथा आठवते आणि गणित आठवत नाही, हे मात्र खेदाचे.

११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. ग्रहांचे गणित सोप्या रीतीने करता यावे, हा त्यामागील हेतू. पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून पाटणचा मठ उभारला तो याच चांगदेवांनी. ग्रंथ लिहून झाला म्हणजे विद्या टिकली असे त्यांनी मानले नाही.

मठाला दान दिले ते यादवांचे मांडलिक, निकुंभ घराण्यातील सोइदेव यांनी. शके ११२८ ची श्रावण पौर्णिमा होती आणि त्या वेळी चंद्रग्रहण लागले होते. इसवी सनाच्या हिशेबाने ही घटना १२०७ मधील मानतात. ग्रहणाचे गणित शिकविणाऱ्या मठाला ग्रहणकाळीच दान मिळावे, हा योग चांगदेवांच्या नजरेतून सुटला नसेल.

लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. व्यवहाराचा तपशील मात्र तत्कालीन मराठीत कोरला आहे, बहुधा बाजारातल्या माणसालाही कळावा म्हणून. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल, त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला गेला. शिवाय ग्राहकाकडून पाच सुपाऱ्या. तेलाचे जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये या लेखाची माहिती अभ्यासकांपुढे मांडली, तेव्हा हा हिशेब साडेसहा शतकांनंतर पुन्हा वाचला गेला.