यंत्राला शब्द शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

संगणकावर पहिल्यांदा टर्मिनल उघडले, की समोर नुसता काळा पडदा दिसतो. त्यावर एक छोटी खूण उघडझाप करीत तुमच्या आज्ञेची वाट पाहते. नवख्या मुलाने तेथे प्रथम 'पीडब्ल्यूडी' ही आज्ञा लिहावी. (रस्ते बांधणारे खाते नव्हे बरे!) आपण कोठे आहोत, ते संगणक सांगतो. 'एलएस' लिहिले, की तेथील फायलींची यादी येते. 'सीडी' आणि पुढे फोल्डरचे नाव लिहिले, की त्या फोल्डरमध्ये जाता येते. या आज्ञा युनिक्स प्रणालीतून आल्या. परंतु यंत्राला शब्दांत आज्ञा देता येईल, यावर एके काळी जाणकारांचाही विश्वास नव्हता. तो बसवण्यासाठी झटलेल्या एका शिक्षिकेची ही गोष्ट आहे.

ग्रेस हॉपर यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी न्यूयॉर्क येथे झाला. सात वर्षांची असताना ग्रेसने गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी घरातली एकामागून एक सात घड्याळे खोलली. आईने मग तिला एकाच घड्याळाची परवानगी दिली! पुढे 1934 साली त्यांनी येल विद्यापीठातून गणिताची पीएच. डी. मिळवली. त्या व्हॅसर कॉलेजात गणित शिकवत होत्या.

दुसऱ्या महायुद्धात त्या नौदलात गेल्या. 1944 साली त्यांना हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क वन' या यंत्रावर नेमले गेले. हे यंत्र 51 फूट लांब आणि 8 फूट उंच होते. त्याला पडदा नव्हता. कागदी पट्टीवर छिद्रे पाडून त्याला आज्ञा द्याव्या लागत. तेथे ग्रेस अगदी नवख्या होत्या. दोन तरुण सहकाऱ्यांनी त्यांना काम शिकवले. पुढे त्या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका त्यांनीच लिहिली.

बरोबर ठरलेल्या आज्ञा सगळे वहीत जपून ठेवत आणि एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. पण उतरवताना चुका होत. घाईत 'बी' अक्षराचे 13 होई. तुम्हीही फळ्यावरून उतरवताना असेच करता ना? ग्रेस यांना वाटले, हे उतरवण्याचे काम यंत्रानेच का करू नये? 1952 साली त्यांनी तसा कार्यक्रम तयार केला. आज्ञांचे तयार भाग शोधून जोडण्याचे काम यंत्र स्वतः करू लागले. तरीही कित्येक लोक मानायला तयार नव्हते.

मग त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा देण्याची कल्पना मांडली. संगणकाला इंग्रजी कळत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी तीच आज्ञा फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवली. तेव्हा अमेरिकन यंत्राला परकी भाषा कशी येईल, म्हणून अधिकारी गोंधळले! खरे तर यंत्राला सगळे शब्द सारखेच. उर्दूचे असोत वा मराठीचे, अर्थ आपणच ठरवून द्यायचा असतो. त्यांच्या 'फ्लो-मॅटिक' भाषेच्या पायावर 1959 साली 'कोबॉल' ही भाषा घडवण्यास सुरुवात झाली. बँकांचे हिशेब तिच्यात अनेक दशके चालत आले.

1986 साली, वयाच्या 79 व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या. 1 जानेवारी 1992 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कचेरीत उलट दिशेने फिरणारे एक घड्याळ होते. पाहुणे बुचकळ्यात पडत, पण वेळ ते बरोबर दाखवी. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या तुम्हांला मात्र त्याचे फारसे नवल वाटणार नाही.