अब्राहम द म्वाव्र

अब्राहम द म्वाव्र (२६ मे १६६७ – २७ नोव्हेंबर १७५४) हे फ्रान्समध्ये जन्मलेले व इंग्लंडमध्ये कार्य केलेले गणितज्ञ होते. द्विपद वितरण या खंडित संभाव्यता वितरणाऐवजी संतत वक्र वापरून आसन्न उत्तर काढण्याची रीत त्यांनी प्रथम मांडली. हा वक्र पुढे प्रसामान्य वक्र म्हणून ओळखला जाऊ लागला.

जीवन

म्वाव्र यांचा जन्म शँपेन प्रांतातील व्हित्री-ल-फ्रांस्वा येथे एका प्रॉटेस्टंट शल्यचिकित्सकाच्या घरी झाला. १६८५ मध्ये राजा चौदावा लुई याने नांतचा जाहीरनामा रद्द केला आणि फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य संपुष्टात आले. त्यानंतर काही वर्षांतच म्वाव्र लंडनला आले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. घरोघरी शिकवण्या करून ते उदरनिर्वाह करीत. वाटेत वाचता यावे म्हणून न्यूटन यांच्या ‘प्रिन्सिपिया’ची पाने सुटी करून ते खिशात बाळगीत, असे सांगितले जाते. १६९७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. न्यूटन व हॅली यांच्याशी स्नेह असूनही या निर्वासित विद्वानाला विद्यापीठात पद मिळाले नाही.

कार्य

‘द डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस’ हा त्यांचा संभाव्यतेवरील ग्रंथ १७१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नाणे अनेकदा उडवल्यास छाप किती वेळा पडेल, याचे अचूक उत्तर काढण्यासाठी द्विपद विस्तारातील असंख्य पदांची बेरीज करावी लागे. म्वाव्र यांनी १७३३ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, एका लॅटिन पुस्तिकेत यावर उपाय दिला. प्रयोगांची संख्या मोठी असता ही पदे घंटेच्या आकाराच्या वक्राला अनुसरतात. म्हणून बेरजेऐवजी वक्राखालील क्षेत्रफळ घेता येते. ३,६०० प्रयोगांत छापांची संख्या १,७७० ते १,८३० असण्याची संभाव्यता त्यांनी सुमारे ०.६८२७ काढली. आजच्या पद्धतीनुसार दोन्ही सीमा अर्ध्या एककाने विस्तारल्यास ती सुमारे ०.६९ येते व अचूक मूल्याच्या अधिक जवळ जाते. या सुधारणेस सातत्य शुद्धी म्हणतात. अपेक्षित संख्येपासूनचे विचलन प्रयोगसंख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, हेही त्यांनी दाखवले.

उत्तरायुष्य व वारसा

१७५४ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. लंडनमध्ये दारिद्र्यातच त्यांचे निधन झाले. पुढे लाप्लास यांनी त्यांच्या निष्कर्षाचा विस्तार केला. आज तो ‘द म्वाव्र–लाप्लास प्रमेय’ या नावाने शिकवला जातो.