मलिक अंबर : गावाची शीव राखणारा वजीर

खुलदाबादला जियारतसाठी जाणारी आपली बरीच कुटुंबं मलिक अंबर यांच्या मकबऱ्यापाशी थांबतात, फातेहा पढतात आणि पुढे निघतात. गनिमी काव्याचे सेनापती, खडकी शहर वसवणारे, नहर-ए-अंबरी आणणारे, एवढी ओळख आपल्याला असते. त्यांनी जमिनीचं जे काम केलं, ते मात्र आपण विसरलो. आज आम्ही त्याबद्दलच सांगणार आहोत.

1548 च्या सुमारास हबश म्हणजे आजच्या इथिओपियात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले. बगदादमार्गे दख्खनला पोहोचले, तिथे निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतलं. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. पण अंबर यांनी दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभं केलं.

लढायांनी मुलूख उजाड झाला होता. त्यात इजाऱ्याची पद्धत. जो जास्त बोली लावेल त्याला वसुलीचा ठेका, मग तो रयतेला पिळणारच. अंबर यांनी इजारा बंद केला. जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करवली, पिकाऊ कोणती, नापीक कोणती ते ठरवलं आणि गावांच्या सीमा निश्चित केल्या. सारा आधी पिकाच्या सुमारे दोन पंचमांश होता, पुढे तो रोख, सुमारे एक तृतीयांश झाला. पाटील-कुळकर्ण्यांची वतनं कायम केली.

सीमेला एवढं महत्त्व का? सारा गावावर बसायचा. शीव सरकली की शेत एकाकडे आणि बोजा दुसऱ्याकडे, असं व्हायचं. म्हणून दख्खनमध्ये शिवेचे तंटे गोतसभेसमोर यायचे. आसपासच्या गावांचे पाटील, बलुतेदार, म्हातारी माणसं बोलावली जायची. शीव राखणाऱ्या महाराची साक्ष वजनदार मानत. निवाड्याचा महजर लिहिला जाई, अनेक ठिकाणी काझीही मजलिसीत हजर असे. म्हणजे शीव टिकायची ती दगडाइतकीच माणसांच्या साक्षीवर आणि कागदावर.

1626 मध्ये अंबर यांचा इंतकाल झाला. दहा वर्षांत निजामशाहीही बुडाली. त्यांची पद्धत मात्र राहिली. मराठी कागदपत्रांत ती मलिकंबरी नावाने येते आणि शिवकाळातल्या जमीन व्यवस्थेलाही तिचा आधार मिळाला.

ज्याच्या नावावर एकेकाळी स्वतःचा देहसुद्धा नव्हता, त्या माणसाने इथल्या कुणब्याच्या जमिनीला हद्द आणि हिशेब दिला. आपल्यापैकी किती घरांत आजोबांच्या नावचा सातबारा तसाच पडून आहे, वारस नोंद राहिली आहे, बहिणींचा हिस्सा लागलेला नाही! पुढच्या वेळी खुलदाबादला जाल तेव्हा फातेहा जरूर पढा. घरी आलात की ते कागदही एकदा काढून बघा.