ठिणगी जरा आधी

बेलापूरला पारसिकच्या डोंगराखाली आमची सोसायटी आहे. तिथल्या एका शेजाऱ्यांनी जुनी डॉज जिवापाड जपली आहे. ती कुर्ल्याला जुळवलेली, एका ओळीत सहा सिलिंडरची. परवा रविवारी एक वयस्क मिस्त्री तिचे टायमिंग लावत होते. पहिला पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणून त्यांनी पुलीवरची खूण काट्यासमोर धरली. मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा डेल्को, केसभर फिरवला. पॉइंट उघडले, चाचणीचा दिवा लागला आणि त्यांनी तिथेच नट आवळला.

या इंजिनात 1-5-3-6-2-4 या क्रमाने ठिणग्या पडतात. गंमत अशी, की इंजिन पळू लागले की पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधीच ठिणगी पडावी लागते, कारण पेट्रोलच्या वाफेला पेटायलाही वेळ लागतो. फार आधी पडली तर इंजिन ठोके देते. उशिरा पडली तर तापते आणि चढावर दम टाकते.

ही गाडी ज्यांच्या कारखान्यातली, त्या वालचंद हिराचंद यांचे आयुष्यही असेच गेले. जन्म 1882 चा, सोलापूरचा. घरचा व्यापार सोडून लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत ते रेल्वेचे ठेकेदार झाले. 1919 साली ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची बोट घेऊन त्यांनी सिंदिया कंपनी काढली. ‘लॉयल्टी’ लंडनला गेली खरी, पण ब्रिटिश कंपन्यांच्या दरयुद्धापुढे भारतीय जहाजांचा टिकाव लागणे कठीण होते.

मोटार कारखान्याच्या विश्वेश्वरय्यांच्या योजनेला मुंबई सरकारने पाठिंबा दिला, पण दिल्लीच्या ब्रिटिश सरकारने मोडता घातला. वालचंद थांबले नाहीत. मोटारीच्या बोलण्यांसाठी अमेरिकेला गेले आणि परतीच्या वाटेवर भेटलेल्या विल्यम पॉली यांच्याशी विमान कारखान्याचे ठरवून आले. म्हैसूर संस्थानाच्या मदतीने 1940 मध्ये बंगळूरला तो कारखाना उभा राहिला. दोन वर्षांत सरकारने तो ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या गोदीतून 1948 मध्ये ‘जलउषा’ पाण्यात उतरली. 1952 मध्ये तीही बव्हंशी सरकारकडे गेली.

मी उमेदीची वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली. बोट, विमान आणि मोटार एकाच वेळी मागणारा असा अर्जदार समोर आला असता, तर सही करताना माझा हात नक्कीच अडखळला असता. त्यांचे काही अंदाज खरोखरच घाईचे होते. घेतलेले पैसे परत कधी मिळतील, हा प्रश्न त्यांच्या भागधारकांनाही पडला असेलच.

मोटार मात्र त्यांनी सोडली नाही. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि क्रायस्लरशी करार करून 1947 पासून कुर्ल्याहून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला सुटे भाग परदेशचे, जुळणी तेवढी आपली. 1949 मध्ये त्यांना पक्षाघात झाला. 8 एप्रिल 1953 रोजी सिद्धपूरला ते गेले. त्याच वर्षी सरकारने ठरवले, की देशात भाग बनवण्याची तयारी नसलेल्या जुळणी कारखान्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स, फोर्ड यांनी काढता पाय घेतला. प्रीमियर टिकली आणि पुढे तिच्याच फियाट मुंबईच्या टॅक्सी झाल्या. जे वालचंद इतकी वर्षे मागत होते, ते धोरण आले तेव्हा ते पाहायला नव्हते.

मिस्त्रींनी किल्लीने गाडी सुरू केली. किल्ल्याच्या बाजूच्या चढावर नेऊन आणली. परत आल्यावर बॉनेट उघडून डेल्को पुन्हा किंचित पुढे सरकवला.