स्टीरिओचा विस्मृत जनक

घरातील स्टीरिओसाठी व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर निवडू पाहणाऱ्या रसिकापुढे नावांची मोठी रांग उभी असते. मरांट्झ, मॅकिंटॉश, क्वाड, लीक ही जुनी प्रतिष्ठित घराणी. त्यांच्या मागोमाग आलेले कितीतरी नवे कारखानदार. ट्रान्झिस्टरने रेडिओच्या पेटीतून व्हॉल्व्ह हद्दपार केला त्याला कित्येक दशके लोटली. तरी संगीताच्या या एका कोपऱ्यात त्याचे राज्य टिकून आहे आणि पेटीवरील नावागणिक किंमत हजारांवरून लाखांवर जाते. गिऱ्हाईक नावाचे मोल देते, आणि ते अस्वाभाविकही नाही. परंतु पेटीचे झाकण काढून आतील जोडणी पाहिली, तर निरनिराळ्या नावांच्या पेट्यांत पुनःपुन्हा आढळणाऱ्या काही मांडण्या एकाच माणसाच्या टेबलावरून निघाल्या असल्याचे दिसून येते. दोन ध्वनिमार्गांचा स्टीरिओ ज्या रूपात घरोघर पोचला, त्याची मूळ आखणीही त्याचीच. ॲलन डॉवर ब्लमलाइन हे त्याचे नाव. पेट्यांवर ते कोठेही नसते.

ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील मूळचे जर्मन, पुढे ब्रिटिश नागरिक झालेले. आई स्कॉटिश मिशनऱ्याची कन्या. मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हते, अशी घरच्यांची आठवण आहे. उलट, सातव्या वर्षी त्याने घराच्या दारावरची विजेची घंटा दुरुस्त केली आणि खाली विद्युत अभियंता म्हणून सही करून त्या कामाचे बिल वडिलांना सादर केले, असेही सांगतात. पुस्तकी विद्येच्या मोजपट्टीत न मावणारी जी मुले प्रत्येक शिक्षकाला कधी ना कधी भेटतात, त्यांपैकी हा एक होता. तथापि, हायगेट शाळेतून तो लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात गेला आणि १९२३ साली पहिल्या वर्गात पदवीधर झाला.

१९२४ साली तो एका अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या, इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या, नोकरीत शिरला. लांब पल्ल्याच्या तारांतून एका जोडीवरील संभाषण शेजारच्या जोडीत झिरपत असे. ती गळती थांबविण्याचे काम त्याच्याकडे आले व त्याने ते चोख केले. दोन तारांतून वाहणारे दोन संदेश एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हा धडा पुढे स्टीरिओच्या कामी त्याला उपयोगी पडला असला पाहिजे.

१९२९ साली तो लंडनच्या कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला, तो एका निव्वळ आर्थिक प्रश्नाचे तांत्रिक उत्तर शोधण्यासाठी. १९२५ पासून ध्वनिमुद्रण विजेच्या साहाय्याने होऊ लागले होते. पण त्या पद्धतीची पेटंटे वेस्टर्न इलेक्ट्रिककडे असल्यामुळे विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे स्वामित्वधन भरावे लागे. एकेका तबकडीमागे ही रक्कम किरकोळ. वर्षाकाठच्या एकूण खपावर मात्र ती कंपनीच्या डोळ्यांत खुपण्याइतकी मोठी. कोलंबियाचे आयझॅक शोनबर्ग यांनी या तरुणाला सांगितले ते एवढेच, की परक्या पेटंटाला कोठेही स्पर्श न करणारे ध्वनिमुद्रणयंत्र तयार करायचे. ब्लमलाइन आणि त्याचे सहकारी यांनी तबकडीवर चर कोरणारे यंत्र, मायक्रोफोन, अँप्लिफायर अशी सारी साखळी नव्याने उभी केली. ती पर्याय म्हणून बनली, पण मूळ पद्धतीहून सरस निघाली. पेटंटाची भिंत नव्या संशोधकाची वाट अडविते, असे अर्थशास्त्राच्या वर्गात शिकविले जाते. येथे त्या भिंतीनेच त्याला नवी वाट काढायला लावली.

मार्च १९३१ च्या सुमारास मंदीने खप घसरलेल्या कोलंबिया आणि ग्रामोफोन या दोन कंपन्या एक झाल्या व ई.एम.आय. ही कंपनी जन्मली. तिच्याच भारतीय शाखेच्या डमडमच्या कारखान्यातील, कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्या पुढे मराठी घरांतून वाजल्या. त्याच वर्षी ब्लमलाइन आपल्या भावी पत्नीसह बोलपट पाहायला गेला असता पडद्यावरील नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो, पण त्याचा आवाज मात्र एकाच कर्ण्यातून येत राहतो, ही विसंगती त्याला खटकली, असे म्हणतात. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने अर्ज केला. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५ म्हणून तो १९३३ साली मान्य झाला; त्यात तब्बल ७० दावे होते. काटकोनात ठेवलेल्या मायक्रोफोनांची जोडी, दोन ध्वनिमार्ग, आणि ते दोन्ही तबकडीच्या एकाच चरात उमटविण्याची युक्ती हे सारे त्यात होते. चराच्या दोन भिंती पंचेचाळीस अंशांत कलत्या. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. सुई एकच, पण ती दोन्ही भिंतींचा हिशेब एकदम घेते. आजही स्टीरिओची तबकडी याच पद्धतीने कोरली जाते.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड येथील स्टुडिओत टॉमस बीचम मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम घेत असताना ती या पद्धतीने मुद्रित करण्यात आली. प्रयोग यशस्वी झाला. आणि तेथेच थांबला. कारण उघड होते. स्टीरिओ घ्यायचा म्हणजे घरात अँप्लिफायर दोन, लाउडस्पीकर दोन, शिवाय सुईची नवी जोडणी. मंदीच्या दिवसांत एक ग्रामोफोन घेणे ज्यांना जड जात होते, त्यांना दुप्पट सामग्री कोण विकणार? कंपनीने हे काम बाजूला ठेवून आपली माणसे टेलिव्हिजनकडे वळविली. व्यापारी दृष्टीने तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. २ नोव्हेंबर १९३६ रोजी अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.चे नियमित टेलिव्हिजन प्रक्षेपण सुरू झाले. पुढे दीर्घकाळ टिकलेल्या ४०५ रेषांच्या पद्धतीत ब्लमलाइनचा मोठा वाटा होता.

आणि गंमत अशी, की घरगुती स्टीरिओला पुढे अत्यंत उपयोगी ठरलेल्या जोडण्या त्याने या टेलिव्हिजनच्या वर्षांत तयार केल्या. कॅथोड फॉलोअर ही त्यांतली एक. या जोडणीत व्हॉल्व्ह आवाजाचा दाब वाढवीत नाही. किंबहुना किंचित कमीच करतो. मग तिचा लाभ कोणता? लाभ असा, की अशा व्हॉल्व्हकडून निघालेला संदेश लांब तारेतूनही अशक्त न होता जातो. प्रीअँप्लिफायर कपाटात आणि मुख्य अँप्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाला लाउडस्पीकरजवळ, अशी व्यवस्था करायची झाली, तर मधल्या तारेत सतारीच्या तारांची वरची झळाळी विझून जाण्याचा धोका असतो. कॅथोड फॉलोअर तो टाळतो. म्हणून मरांट्झच्या सुप्रसिद्ध सातव्या क्रमांकाच्या प्रीअँप्लिफायरमध्ये तो आहे. काही जाणकारांना तो रुचत नाही, कारण त्यासाठी जास्तीचा व्हॉल्व्ह खर्ची पडतो व त्याचा स्वरावर परिणाम होतो असे ते मानतात. तार हातभर असेल तर त्यांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. पण तार लांब असेल, तर पेटीवरील सोनेरी अक्षरांपेक्षा ही एक गोष्ट विचारून घेणे अधिक शहाणपणाचे.

दुसरी मांडणी लाँग-टेल्ड पेअर या नावाने ओळखली जाते. बाहेरच्या समारंभांचे चित्र तारेवरून आणताना दोन्ही तारांत सारखाच शिरणारा गोंगाट छाटून टाकण्यासाठी तिची योजना झाली. पुढे असंख्य व्हॉल्व्ह अँप्लिफायरांत ती स्थिरावली. तिसरी १९३७ ची. तिला १९५१ साली हॅफ्लर आणि केरोज या दोघा अमेरिकनांनी अल्ट्रालिनिअर या नावाने पुढे आणले आणि ती त्याच नावाने विकली गेली. ब्लमलाइनच्या नावावर एकूण १२८ पेटंटे आहेत. तो पगारी नोकर असल्यामुळे त्यांचे हक्क मात्र कंपन्यांकडे होते.

युद्ध सुरू झाल्यावर तो रडारच्या कामाला लागला. रात्रीच्या अंधारात आणि ढगांवरून उडणाऱ्या विमानाला खालचा भूप्रदेश दाखविणारी एच-टू-एस ही यंत्रणा त्या वेळी घडत होती. ७ जून १९४२ रोजी तिच्या चाचणीसाठी डेफर्डच्या तळावरून निघालेले हॅलिफॅक्स विमान हेरफर्डशायरमध्ये वाय नदीकाठी, वेल्श बिकनर गावाजवळ पेटून कोसळले. विमानातील अकराही जण ठार झाले. त्यांत ब्लमलाइन होता आणि त्याचे ई.एम.आय.मधील सहकारीही होते. त्याच्या वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मागे पत्नी आणि दोन लहान मुलगे राहिले. इंजिनाच्या एका झडपेचा नट तपासणीनंतर नीट आवळला गेला नव्हता, असे निष्पन्न झाले. इंग्रजीत त्या झडपेलाही व्हॉल्व्हच म्हणतात. यंत्रणा गुप्त, म्हणून तिच्या कर्त्याचा मृत्यूही गुप्त ठेवला गेला. युद्ध चालू असताना त्याच्यावर चार ओळी छापून येणेही शक्य नव्हते. जानेवारी १९४३ अखेर एच-टू-एस प्रत्यक्ष वापरात आली.

स्टीरिओच्या पेटंटाची मुदत वाढवून मिळाली, तरी ती १९५२ साली संपली. स्टीरिओच्या तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ मध्ये, पंचेचाळीस अंशांच्या त्याच चरासह. अमेरिकेत वेस्ट्रेक्स कंपनीने ती पद्धत नव्याने सिद्ध केली होती. तोवर मंदी ओसरून गेली होती, मध्यमवर्गाच्या हाती पैसा खेळत होता, दुप्पट सामग्री घेणारे गिऱ्हाईक दुकानापुढे उभे होते, आणि कोणालाही कोणाला स्वामित्वधन देण्याची गरज उरली नव्हती. घरगुती प्रीअँप्लिफायरांवर डाव्या-उजव्या तोलाचे बटण आले ते याच काळात. त्या बटणामागच्या माणसाच्या ईलिंगमधील घरावर १९७७ साली ग्रेटर लंडन कौन्सिलने निळी पाटी लावली. संगीतक्षेत्राचा तांत्रिक ग्रॅमी सन्मान त्याला २०१७ साली देण्यात आला, म्हणजे मृत्यूनंतर पंचाहत्तर वर्षांनी.