कर्सरला हव्या त्या ओळीवर नेणारा माणूस : डग्लस एंगलबार्ट

मोठी फाईल उघडली की तुमचा कर्सर कुठे लुकलुकतो? बहुतेकदा पहिल्याच ओळीवर. काही एडिटर मात्र गेल्या वेळी तुम्ही थांबला होतात तिथे नेऊन सोडतात. पण लिंक दिली की फाईल थेट हव्या त्या परिच्छेदावर उघडावी, ही सोय डग्लस एंगलबार्ट यांनी १९६० च्या दशकातच करून ठेवली होती!

एंगलबार्ट यांचा जन्म १९२५ चा, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात रडार तंत्रज्ञ होते. रडारच्या पडद्यावर ठिपके दिसतात, मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं का दिसू नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. तेव्हा कॉम्प्युटरला छिद्रं पाडलेली कार्डं द्यायची आणि उत्तर कागदावर छापून येण्याची वाट बघायची, अशी रीत होती.

पुढे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी टीम जमवून 'एनएलएस' ही प्रणाली उभारली. त्यात प्रत्येक परिच्छेदाला स्वतःचा पत्ता होता, त्यामुळे लिंक नेमक्या जागी पोहोचवायची. पडद्यावरची जागा दाखवण्यासाठी लाईट पेन, जॉयस्टिक, अगदी गुडघ्याने हलवायचं यंत्रही तपासलं गेलं. सरावलेल्या हातांत सरस ठरला तो सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये बनवलेला दोन चाकांचा लाकडी डबा, म्हणजेच पहिला माऊस!

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार जणांसमोर त्यांनी ९० मिनिटं हे सगळं चालवून दाखवलं. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

मग उतरण लागली. एनएलएस शिकायला वेळ लागायचा. एंगलबार्ट यांच्या मते सायकलसारखंच हेही शिकून घ्यायला हवं होतं. लोकांना मात्र सोपं यंत्र हवं होतं. सरकारी पैसा आटला, सहकारी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत गेले आणि १९७७ मध्ये एनएलएस दुसऱ्या कंपनीला विकली गेली. माऊसचं पेटंट संस्थेच्या नावावर असल्याने एंगलबार्ट यांना रॉयल्टी मिळालीच नाही.

१९९७ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २ जुलै २०१३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांचा माऊस घराघरांत पोहोचला. पण आजही कुणी पन्नास पानांची फाईल पाठवली, की आपण पहिल्या ओळीपासून स्क्रोल करत बसतो.