जुनी दारू अजून चालेल का? एका कागदाच्या तुकड्यावर हे ओळखणारा फ्रेडरिक एबल

२० नोव्हेंबर २०१८. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावजवळ मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करायचं काम सुरू होतं. त्यात स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला.

बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचली. पण त्यातल्या दोन शब्दांकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही : मुदत संपलेला. औषधाच्या गोळीला एक्सपायरी असते हे आपल्याला माहीत आहे. बंदुकीच्या गोळीलाही असते का? आणि ती ठरवायची कशी?

या प्रश्नामागे एक माणूस आख्खं आयुष्य लागला होता. सर फ्रेडरिक ऑगस्टस एबल.

एबलचा जन्म १८२७ सालचा, लंडनजवळच्या वुलिचचा. वडील संगीतशिक्षक, मूळचे जर्मन. पोरगं गाण्याबजावण्यात जाईल असंच कुणालाही वाटलं असतं. पण चौदाव्या वर्षी तो हॅम्बुर्गला काकांकडे गेला. काका खनिजांचे अभ्यासक होते आणि तिथेच त्याला विज्ञानाचा नाद लागला. १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत तो हॉफमनचा विद्यार्थी झाला. पंचविशीत वुलिचच्या लष्करी अकादमीत त्याला रसायनशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. त्याच्या आधी त्या खुर्चीवर मायकेल फॅरेडे होता, म्हणजे बघा! १८५४ पासून पुढची ३४ वर्षं एबल ब्रिटिश युद्धखात्याचा केमिस्ट होता.

आता थोडं दारूबद्दल. ग्लासातली नाही, तोफेतली.

आपल्या गडकिल्ल्यांवर दारूकोठारं दिसतात, त्यात असायची ती काळी दारू. सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. तिचा मोठा शत्रू म्हणजे ओल. कोरडी राहिली तर ती वर्षानुवर्षं टिकते. त्यामुळे तिची परीक्षाही सोपी होती. गुठळ्या झाल्यात का बघा, थोडी पेटवून बघा, काम झालं.

१८४६ च्या सुमाराला हे गणित बदललं. शॉनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून गनकॉटन तयार केलं. दिसायला साधा कापूस, पण ताकद काळ्या दारूच्या कितीतरी पट आणि धूर जवळपास नाहीच. सगळ्या युरोपला त्याचं वेड लागलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या फॅव्हरशॅमचा कारखाना उडाला. ऑस्ट्रियानं नेटानं प्रयोग चालू ठेवले, पण तिथेही साठे उडाले. भयंकर गोष्ट ही होती की काही वेळा ना ठिणगी पडायची, ना कुणाचा धक्का लागायचा. गोदामात नुसता पडून असलेला माल आपोआप पेटायचा.

एबलनं १८६३ पासून हे प्रकरण हातात घेतलं. कापसाचा तंतू आतून पोकळ असतो. कितीही धुतलं तरी त्या नळीत ॲसिड अडकून राहतं आणि तेच माल आतून कुजवतं, हे त्यानं ओळखलं. उपाय इतका साधा होता की हसू येईल. कागद कारखान्यात लगदा करायचं यंत्र असतं, त्यात गनकॉटन घालून त्याचे बारीक तुकडे करायचे आणि मग भरपूर पाण्यानं धुवायचं. १८६५ मध्ये त्यानं याचं पेटंट घेतलं.

तरी एक प्रश्न उरलाच. माल नीट धुतलाय की नाही, आणि गोदामातला माल अजून धड आहे की नाही, हे कळणार कसं?

इथे येते एबलची हीट टेस्ट. थोडासा नमुना काचेच्या नळीत घ्यायचा. वर पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेला कागदाचा तुकडा टांगायचा, अर्धा भाग ओलसर करून. नळी साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ठेवायची आणि घड्याळ लावायचं. माल खराब होत असेल तर त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू निघतात आणि ओल्या-कोरड्या भागाच्या सीमेवर तपकिरी रेघ उमटते. रेघ लवकर आली तर माल संशयास्पद, ठरलेली मिनिटं गेली तरी नाही आली तर पास. शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल अशी ही चाचणी. पण यामुळे पहिल्यांदाच स्फोटकाला आग न लावता त्याची तब्येत विचारता येऊ लागली. आजही स्फोटकांच्या तपासणीत एबलचं नाव घेतलं जातं.

मात्र ही चाचणी पास म्हणजे सगळं सुरक्षित, असा अर्थ काढणं महागात पडू शकतं. ऑगस्ट १८७१ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोमार्केटचा गनकॉटन कारखाना उडाला, वीसहून जास्त माणसं गेली. तिथला माल सरकारी तपासणीत पास झालेला होता. चौकशीत निष्कर्ष निघाला की पास झाल्यानंतर कुणीतरी त्यात सल्फ्युरिक ॲसिड घातलं होतं. दुसरी अडचण पुढे लक्षात आली. मालात पाऱ्याच्या क्षाराचा अंश असेल तर कागदावरची रेघच उशिरा येते. म्हणजे रोगी तसाच, फक्त थर्मामीटर बिघडलेला! चाचणी त्या दिवशीची अवस्था सांगते, पुढच्या दहा वर्षांची हमी देत नाही.

एबलचं नाव एका वादातही अडकलं. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलनं बॅलिस्टाइट ही धुररहित दारू काढली. ब्रिटिश सरकारच्या स्फोटक समितीत एबल आणि जेम्स ड्यूअर होते. नोबेल आपल्या संशोधनाची माहिती विश्वासानं समितीला देत राहिला. १८८९ मध्ये या दोघांनी त्याच जातीच्या कॉर्डाइटचं पेटंट घेतलं. नोबेल कोर्टात गेला, प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं आणि १८९५ मध्ये तो हरला. पेटंटमधल्या काही शब्दांनी त्याचा घात केला. कायद्यानं एबल जिंकला, पण मित्राच्या विश्वासाचं काय, हा प्रश्न मला तरी सुटलेला वाटत नाही.

कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलिन होतं. हो, आपण ओठांना लावतो ते. बंदुकीच्या नळीला वंगण मिळावं म्हणून ते घातलं होतं. पुढे कळलं की ते दारूतून निघणारे वायू शोषून घेतं आणि तिचं आयुष्य वाढवतं. एबलच्या हातून इतकं मोठं काम चक्क चुकून झालं.

एबल ६ सप्टेंबर १९०२ ला लंडनमध्ये वारला. तोवर त्यानं आणखी एक चाचणी देऊन ठेवली होती. रॉकेल किती तापमानाला पेट घेईल ते मोजणारी. भारतात रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश हवा, असं मानक आहे आणि तो एबलच्याच पद्धतीनं मोजतात.

त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच जुन्या दारूनं मोठा तडाखा दिला. १९०७ मध्ये फ्रान्सची येना आणि १९११ मध्ये लिबर्टे, या दोन युद्धनौका तूलाँ बंदरात उभ्या असताना उडाल्या. शेकडो माणसं गेली आणि ठपका आला बिघडलेल्या दारूवर. त्यानंतर डायफिनाइलअमीनसारखे स्टॅबिलायझर महत्त्वाचे ठरले. दारूतून निघणारे वायू ते खाऊन टाकतात. ते संपले की बिघाड वाढतो, बिघाडानं उष्णता वाढते आणि उष्णतेनं परत बिघाड. म्हणून आता प्रयोगशाळेत स्टॅबिलायझर किती उरलाय ते मोजतात. पुण्याच्या पाषाणमधली डीआरडीओची प्रयोगशाळा याच क्षेत्रातली. तिची सुरुवात १९०८ मध्ये नैनितालला झाली होती.

अमेरिकेत हजारो लोक घरी स्वतः काडतुसं भरतात. आजोबांच्या कपाटात पावडरचा जुना डबा सापडला की हाच प्रश्न त्यांच्यापुढे येतो. चांगल्या पावडरला सौम्य, स्पिरिटसारखा वास असतो. नाकाला झोंबणारा आंबट वास, तपकिरी वाफ, गंजासारखी लालसर धूळ किंवा आतून गंजलेला डबा दिसला, तर ती पावडर बाद. पण वास ठीक म्हणजे पावडर ठीक, असंही नाही. डबा उन्हात, गॅरेजमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये किती उन्हाळे काढून आलाय, हे नाकाला कळत नाही. अशा वेळी तिकडचे जाणकारही पावडर फेकूनच द्या म्हणतात. आपल्याकडे असा डबा सापडला तर हात न लावता पोलिसांना कळवायचं.